फांद्या मोजणाऱ्या आहेर मॅडम

आहेर मॅडम पिशवीत काय आहे ते कधीच बघत नाहीत. पिशवी बघतात.

आमच्या ऑफिसातल्या एका मुलीचं लग्न होतं, गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर. जेवणं झाली, आम्ही निघालो, तर मुलीच्या आईने मॅडमच्या हातात साडी ठेवली. चांगली जरीकाठाची. मॅडमनी ती तिथेच उघडली, साडी माझ्या हातात दिली, "धर रे देवरे," आणि वरची पारदर्शक पिशवी दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूहळू ताणायला लागल्या. ताणता ताणता कान जवळ नेला. पिशवी लांबली, मध्ये पांढुरकी झाली आणि तुटली. मुलीची आई बघतच राहिली.

"छान आहे," मॅडम म्हणाल्या.

"आवडली ना?"

"हो तर. अगदी सरळ आहे."

त्या बाई अजून सांगतात, की मॅडमना साडीचे काठ सरळ होते ते फार आवडले. साडी पुढे दोन आठवडे माझ्या स्कूटरच्या डिकीत होती. मॅडमना तिची आठवणच झाली नाही.

मंदाकिनी आहेर या आमच्या कंपनीच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. कंपनी सातपूरला. प्लास्टिकचा कागद बनवते. द्राक्षबागेवर पाऊस पडू नये म्हणून टाकतात तो, शेततळ्यात अंथरतात तो. मी तिथे ग्राहकांच्या तक्रारी ऐकायला बसतो. म्हणजे फोन उचलायचा, आणि समोरचा माणूस श्वास घ्यायला थांबला की "हो साहेब" म्हणायचं. मी लागलो तेव्हा उत्पादन विभागाचे प्रमुख पगार साहेब होते. त्यामुळे कंपनीत आहेर आणि पगार दोन्ही होते, आणि दोन्हीही सुखासुखी मिळत नाहीत, हा अकाउंट्सवाल्यांचा रोजचा विनोद होता. अकाउंट्सवाल्यांकडे तेवढा एकच विनोद होता, म्हणून आम्ही रोज हसायचो.

पहिल्याच दिवशी ओळख करून द्यायला मला प्रयोगशाळेत नेलं. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "सरळ की फांद्या?"

मला वाटलं, घरचं विचारतायत. म्हटलं, "दोन भाऊ, एक बहीण."

"अरे, तुझं नाही रे. हातातल्या पिशवीचं विचारतेय."

पिशवीत आईने दिलेला डबा होता. डबा टेबलावर गेला, पिशवी मॅडमकडे. मी बावळटासारखा विचारून बसलो, "पिशवीला कसल्या फांद्या?" मॅडमनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. नंतर कळलं की त्या खोलीत आजवर फारसं कुणी काही विचारलंच नव्हतं. लोक यायचे, रिपोर्ट घ्यायचे आणि जायचे.

"प्लास्टिक म्हणजे साखळ्या," त्या म्हणाल्या. "इतक्या बारीक, की दिसायच्या नाहीत. काही सरळ असतात, शेवईसारख्या. काहींना फांद्या फुटलेल्या असतात. बाहेरून दोन्ही कागद सारखेच. आता बघ, मेन रोडवर शनिवारी संध्याकाळी गेलायस? मोठा ट्रक कुठल्या बोळात शिरू शकत नाही, तो सरळ पुढे निघून जातो. सायकलवाला प्रत्येक बोळात डोकावतो, म्हणून उशिरा पोचतो. या मशीनच्या नळीत तसेच बोळ आहेत. प्लास्टिक गरम द्रावणात विरघळवायचं आणि आत सोडायचं. अंग पसरून बसणारी साखळी आधी बाहेर येते, आटोपशीर असेल ती उशिरा."

"आणि फांद्या?"

"बाहेर पडताना मी तिचं वजन करते. वजन ट्रकचं आणि आली सायकलच्या वेळेला, म्हणजे हिने अंग चोरलंय. फांद्यावाली साखळी पसरत नाही, गोळा होऊन बसते. सरळ साखळीचा आकडा एक धरायचा. एकाच्या जितकं खाली, तितक्या फांद्या जास्त. आहे काय त्यात?"

त्यात पुष्कळ काही होतं, हे मला पुढे समजलं. ते मशीन म्हणजे मॅडमचा संसार. त्याला त्या "जावईबापू" म्हणायच्या. सगळं गरम लागतं, वेळेवर लागतं, आणि रुसलं तर घरातल्या कुणाचं काही चालत नाही. मॅडमनी लग्न केलेलं नाही. लेक नाही, पण जावई आहे. मॅडम मूळच्या सटाण्याकडच्या. एरवी त्यांचं बोलणं छापल्यासारखं असतं, पण जावईबापू रुसले की घरची अहिराणी बाहेर पडते. दार बंद असलं तरी बाहेर ऐकू यायचं, "काबर रे भाऊ? काय व्हयनं तुले? सकाळे ते चांगला व्हता!" नवीन मुलांना वाटायचं, मॅडमचा भाऊ आजारी आहे.

'साधारण' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नाही. एकदा मला वेळ विचारली. मी म्हटलं, "साधारण अकरा."

"साधारण अकरा असं काही वाजत नसतं, देवरे. नीट बघून सांग."

आकडा सांगितला की, "पुढे?" विचारणार. दशांशचिन्हानंतरचे दोन अंक सांगितल्याशिवाय त्या माणसाला जाऊ देत नाहीत. कंपनीच्या मालकांनी एकदा रिपोर्ट बघून म्हटलं, "मॅडम, शेवटच्या आकड्याला एवढं काय धरून बसायचं?" मॅडमनी शांतपणे विचारलं, "तुमच्या मोबाइल नंबरातला शेवटचा आकडा बदलून बघू का?" मालक हसले. रिपोर्ट तसाच राहिला.

गंगापूर रोडला त्यांच्या फ्लॅटच्या खाली संध्याकाळी भाजीवाल्या बसतात. मॅडम दिसल्या की तिथे पळापळ होते. कारण मॅडम जुडी उचलत नाहीत, पिशव्यांचा गठ्ठा उचलतात, एक ओढतात आणि ताणून बघतात. त्या बायकांची खात्री आहे की ही बाई महापालिकेची, प्लास्टिक पकडायला आलेली.

"नाय बाई, आमच्याकडं नाय पिशव्या. कापडी आणा."

"एकच दे गं. भाजी नको. नुसती पिशवी दे."

हे ऐकल्यावर राहिलासाहिला संशय फिटतो. एक म्हातारी तर पाटी उचलून पलीकडच्या कॉर्नरला गेली ती कायमची. मॅडमना आता मेथी घ्यायला रस्ता ओलांडून जावं लागतं.

मॅडमना डेंग्यू झाला तेव्हा आम्ही दवाखान्यात बघायला गेलो. नर्स काळजीत होती. म्हणाली, "पेशंटच्या डोक्यात ताप गेलाय का हो? सलाईनच्या पिशवीला सरळ की फांद्या विचारतायत."

"मग बऱ्या होतायत," आम्ही म्हटलं.

पण मॅडमची खरी गंमत बघायची तर पगार साहेबांबरोबर. पगार दिंडोरीकडचे. घरची द्राक्षं, डिप्लोमा करून कंपनीत लागलेले, यंत्रावरच केस पिकलेले. उंच, आवाज मोठा. यंत्रांच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे कानगोष्टसुद्धा गेटपर्यंत ऐकू जायची. आमचा कागद बनतो तो फुगा फुगवून. वितळलेल्या प्लास्टिकचा दोन-तीन मजली फुगा वर चढतो आणि वर जाऊन चपटा होतो. तो फुगा डोलायला लागला की कागद एकीकडे जाड, एकीकडे पातळ होतो. पगारांचा जीव त्या फुग्यात. फांद्यावालं प्लास्टिक जास्त घातलं की साखळ्या एकमेकींना धरून राहतात, फुगा खांबासारखा उभा राहतो. म्हणून पगारांना फांद्या हव्या असायच्या. आणि फांद्या जास्त झाल्या की तोच कागद पुढे बागेत उभा चिरतो, म्हणून मॅडमना त्या नको असायच्या. दोघांचंही बरोबर होतं. भांडण टिकायला आणखी काय लागतं?

कॅन्टीनमध्ये खिडकीजवळचं टेबल त्या दोघांचं. डबे उघडायच्या आधी तोंडं उघडायची.

"पगार, कालच्या लॉटमध्ये फांद्या जास्त आहेत."

"तुमचं मशीन खोटं बोलतंय, मॅडम."

"मशीनला खोटं बोलून काय मिळणार आहे?"

"आन् मला काय मिळणार हाय? फुगा तुमच्या खोलीत उभा नसतो, माझ्या डोक्यावर उभा असतो! आज पाहा, लय भारी उभा हाय."

"भारीची किंमत पुढच्या दोन अंकांत सांगा."

आम्ही आमच्या जेवणाच्या सुट्ट्या त्यांच्या भांडणाच्या वेळेला जुळवून घ्यायचो. आणि या सगळ्यात पगार आपल्या डब्याचं वरचं झाकण उघडून न बोलता मॅडमकडे सरकवायचे. त्यात मिरचीचा ठेचा असायचा, कधी मासवड्या. पगारांच्या बायकोने, सुमनताईंनी, मॅडमसाठी वेगळ्या दिलेल्या. सुमनताई मॅडमना वर्षातून एकदा, कंपनीच्या पूजेला भेटायच्या. नवऱ्याला बजावून पाठवायच्या, "त्या भांडणाऱ्या बाईंना द्या. तुम्हाला कुणीतरी बोलणारं पाहिजेच." हा निरोपसुद्धा पगार जशाचा तसा, मोठ्या आवाजात सांगायचे.

त्यांचं शेवटचं भांडण सगळ्यांत मोठं झालं. निवृत्तीच्या आधी पगारांनी एक नवा कागद बनवला. बागेवर टाकायचा, पण नेहमीपेक्षा पातळ. पातळ फुगा उभा राहावा म्हणून फांद्यावालं प्लास्टिक भरपूर. मॅडमनी तपासला आणि सांगितलं, हा बागेत एक हंगाम टिकणार नाही. पगार म्हणाले, टिकेल. मालकांनी मॅडमचं ऐकलं आणि तो कागद बाजारात गेलाच नाही. पगारांच्या ते मनाला लागलं. निरोपाच्या समारंभात शाल-श्रीफळ घेऊन झाल्यावर माइक धरून ते म्हणाले, "ते पडलेले रोल मी विकत घेतलेत. माझ्या सोताच्या बागेवर टाकतो. माल निघंल तेव्हा आहेर मॅडमनी बघायला यावं. जावयाला घेऊन यावं." टाळ्या पडल्या. मॅडम पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "येईन. कात्री घेऊन येईन."

त्यानंतर पगारांच्या जागी चौधरी आला. तरुण, हुशार, अतिशय नम्र. मॅडम पहिल्याच आठवड्यात त्याला म्हणाल्या, "फांद्या जास्त आहेत."

"यस मॅडम. कमी करतो."

मॅडम बघतच राहिल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आता जरा कमी झाल्या."

"यस मॅडम. वाढवतो."

"अरे, पण मग कागद चिरेल की!"

"नोटेड, मॅडम."

मॅडम माझ्या टेबलापाशी येऊन बसल्या. "या मुलाचं काहीतरी करायला हवं, देवरे. चांगला मुलगा आहे, पण याच्याशी बोलायचं काय?" पुढे त्यांनी कॅन्टीनला जाणं कमी केलं. डबा प्रयोगशाळेतच खायला लागल्या. जावईबापूंची घरघर चालू असायची आणि मॅडम त्याच्याकडे बघत पोळी मोडायच्या.

निवृत्तीला वर्ष व्हायच्या आत सुमनताई गेल्या. अचानक गेल्या. कंपनीतून आम्ही दोन गाड्या करून भेटायला गेलो. पगार ओट्यावर बसले होते. आम्ही बसलो, पाणी प्यायलो, उठलो. पगारांनी तेवढ्या वेळात एक शब्द काढला नाही. मोठ्या आवाजाच्या माणसाचं गप्प बसणं फार अवघड असतं. आपलं कुजबुजणंसुद्धा मोठं वाटायला लागतं.

मॅडम आल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मी जरा रागानेच विचारलं. त्या नमुन्याच्या बाटल्या पुसत होत्या.

"काय बोलणार होते मी तिथे? आम्हाला भांडण सोडून काही बोलता येत नाही. दाराशी जाऊन दोनदा चपला घातल्या होत्या मी."

मी फडकं घेतलं आणि उरलेल्या बाटल्या पुसायला लागलो.

मग थंडी सरताना एके दिवशी अवकाळी पाऊस झाला, आणि त्या आठवड्यात माझा फोन खाली ठेवायला सवड नव्हती. त्यातच एक फोन आला. आवाज तरुण बाईचा, अगदी हळू.

"मी रूपाली पगार. नानांची सून. नाना म्हणजे तुमचे पगार साहेब. बागेवरचा कागद फाटलाय. सगळाच. घडांत पाणी शिरतंय. नवीन रोल लगेच मिळतील का? हे बाहेरगावी आहेत, म्हणून मीच फोन केला."

"देतो, ताई. साहेब कसे आहेत?"

तिने आधी किती रोल लागतील ते सांगितलं. मग म्हणाली, "नाना कागद फाटला तेव्हा बागेतच उभे होते. बघत होते नुसते. मम्मी गेल्यापासून बोलतच नाहीत हो ते. मला वाटलं होतं, आता तरी ओरडतील. गड्यांवर, माझ्यावर, कुणावर तरी. नाही ओरडले."

रोल दुसऱ्याच दिवशी टेम्पोने पाठवले. येताना टेम्पोवाल्याने फाटलेल्या कागदाचा एक तुकडा आणला. ही बातमी कंपनीभर व्हायला वेळ लागला नाही. मॅडम जिंकल्या! अकाउंट्सवाल्यांना तर नवा विनोद सापडला: पगार फाटला, आहेर वधारला. कुणीतरी भजी मागवली. मॅडम भजी खायला आल्या नाहीत. त्यांनी तो तुकडा घेतला, पाण्याने धुतला, वाळवला, गरम द्रावणात विरघळवला आणि जावईबापूंच्या हवाली केला. संध्याकाळी मी डोकावलो. पडद्यावर दोन रेषा होत्या. वरची सरळ साखळ्यांची. दुसरी तिच्यापासून तुटून खाली खाली उतरत गेलेली.

"फांद्या?" मी विचारलं.

"भरपूर," मॅडम म्हणाल्या. आकडा सांगितला नाही. मग म्हणाल्या, "रविवारी मोकळा आहेस? दिंडोरीला जाऊ."

रविवारी सकाळी त्यांच्या जुन्या गाडीतून आम्ही निघालो. मॅडम एरवी गाडी चालवताना पुढच्या ट्रकवरच्या ताडपत्रीबद्दल बोलतात. त्या दिवशी बोलल्या नाहीत. मला राहून राहून धाकधूक वाटत होती. या बाईने आयुष्यात कुणाला खोटा दिलासा दिलेला मी पाहिला नव्हता. आज त्या माणसासमोर बसून ही दशांशचिन्हापुढचे दोन्ही अंक वाचून दाखवणार, अशी माझी खात्री होती.

पगारांचं घर बागेला लागून. चार-पाच माणसं तारांवर नवा कागद चढवत होती. पगार ओट्यावर, खुर्चीत. दाढी वाढलेली. आम्हाला बघून त्यांनी मान हलवली आणि समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. मॅडम बसल्या. मी पायरीवर टेकलो. रूपाली आत चहाला गेली.

मग मॅडम बागेकडे बघत म्हणाल्या, "त्या दिवशी वारा फार होता म्हणे."

मी चमकून वर बघितलं. पगारांनी नाही बघितलं.

"आणि बांधणीही ढिली असेल," मॅडम म्हणाल्या. "हल्ली माणसं गाठी नीट मारत नाहीत."

पगारांचा कितीतरी दिवस न वापरलेला आवाज खरखरत बाहेर आला.

"गाठी मी मारल्या होत्या."

"असं? मग वाराच."

"वारा नव्हता."

"होता. साधारण बराच होता."

पगारांनी मान वळवली. "साधारण?"

"हो. साधारण."

"मॅडम, मी तिथं उभा होतो. उभा चिरला कागद. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका रेघेत. वाऱ्यानं फाटला तर वाकडातिकडा फाटतो. हे तुम्हीच मला सांगत आलात."

"कधी कधी सरळही फाटतो."

"कधी कधी?" पगार खुर्चीतून उठले. "कधी कधी? जन्मभर मला पुढचे दोन अंक विचारले, आन् आता तुम्ही मला कधी कधी सांगता? तुकडा तपासला का नाय?"

"तपासला."

"मग काय आलं?"

"आलं काहीतरी. त्याचं काय एवढं. मशीन जुनं झालंय, नळी बदलायला आलीये. त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा?"

"मशीन जुनं झालंय?" आता तो आवाज ओळखीचा झाला. कागद चढवणारी माणसं थांबून वळून बघायला लागली. "मशीनला काय झालंय? फांद्या जास्त होत्या त्यात! मी घातल्या होत्या, मला म्हाईत हाय! फुगा उभा राहावा म्हणून घातल्या. तुमचं मशीन बरोबर बोलतंय, अन् तुम्ही त्याला खोटं पाडता?"

"ओरडू नका, पगार. बाहेर माणसं काम करतायत."

"ओरडणार! माझं घर हाय!"

मी मागे वळून बघितलं. रूपाली चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. मी उठून ट्रे घ्यायला हात पुढे केला, तर तिने मान हलवली. "थांबा दादा. आत्ता नका नेऊ. गार झाला तर परत टाकीन." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि हातात ट्रे असल्यामुळे तिला ते पुसता येत नव्हतं.

भांडण चांगलं तासभर रंगलं. मॅडम वाऱ्याच्या बाजूने, पगार फांद्यांच्या. मॅडमनी गाठींचा मुद्दा सोडला आणि उन्हाचा काढला. पगारांनी उन्हाचा खोडून टाकला. मॅडमनी तारेच्या गंजाचा काढला. पगार त्यांना हाताने खूण करत तारेपाशी घेऊन गेले, तार दाखवली आणि गंज कुठे दिसतो ते विचारलं. चहा दोनदा झाला. जेवायला बसल्यावर पगारांनी तिसरी भाकरी मागितली, तेव्हा रूपाली माझ्याकडे बघून हसली. निघताना पगार गाडीच्या दाराला धरून सांगत होते, "पुढच्या येळेला नुसतं येऊ नका, रिपोर्ट घेऊन या! म्हंजी दाखवतो तुम्हाला!"

गाडी डांबरी रस्त्याला लागेपर्यंत मी दम धरला. मग विचारलं, "मॅडम, वाऱ्याचं खरंच वाटतं तुम्हाला?"

"वेडा आहेस का? पाऊस सरळ पडला होता त्या दिवशी. वारा नव्हताच."

"मग..."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मॅडम गाडी चालवताना फोन घेत नाहीत. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, एका पेरूवाल्याच्या पलीकडे. फोन उचलल्या उचलल्या पगारांचा आवाज मलाही ऐकू आला. काहीतरी सांगायचं राहून गेलं होतं. मॅडम दार उघडून खाली उतरल्या आणि रस्त्याकडेने येरझारा घालत बोलायला लागल्या. मधूनच, "काबर? काबर पण?" असं ऐकू येत होतं. जावईबापू सोडून माणसाशी त्यांनी अहिराणीत बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मग हळूहळू त्यांचं बोलणं कमी झालं. फोन कानाला लावून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. खूप वेळ.

आत येऊन बसल्या, पण गाडी चालू केली नाही.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, आज सुमन असती तर मला हसली असती." मॅडमनी चष्मा काढून ओढणीने पुसला. "नाव घेतलं रे त्यांनी तिचं. रूपाली म्हणत होती, गेल्यापासून एकदाही घेतलं नव्हतं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, साफ चूक. हसली नसती. माझ्या शेजारी बसली असती आणि तुम्हाला बोलली असती."

"आणि ते?"

मॅडमनी चष्मा चढवला, आरशात बघितलं आणि किल्ली फिरवली.

"ऐकतात कुठे," त्या म्हणाल्या. "उद्या परत फोन करणार आहेत."